कपाटाची किल्ली

गेल्या वर्षी मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून इंग्रजी विषयात एम. ए.च्या परीक्षेला बसले. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी, बी. एड. झालेली बाई इंग्रजीत एम. ए. कशाला करते, असे स्टाफरूममध्ये प्रत्येकाने एकदा तरी विचारून झाले होते. अभ्यासक्रमात मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनेडियन लेखिकेची 'द हॅण्डमेड्स टेल' ही कादंबरी होती. धर्माच्या नावाने चालणाऱ्या एका काल्पनिक राज्यात स्त्रियांचे काय होते, याची ही कथा. पुस्तक हातात घेतले तेव्हा मनात धाकधूक होती. धर्म, स्त्री आणि जुलूम हे शब्द एका ओळीत आले की पुढचे नाव आपलेच असणार, अशी आपल्याला सवय होऊन गेली आहे. वर्तमानपत्र उघडावे, टी. व्ही. लावावा, गोष्ट फिरून आपल्या दारात येऊन थांबते. म्हणून पहिली काही पाने मी कादंबरी म्हणून वाचलीच नाहीत. आपला उल्लेख कुठे येतो, ते शोधत राहिले.

उल्लेख आला, पण वेगळ्याच तऱ्हेने. या कथेत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला गोळ्या घातल्या जातात, संसदेतील प्रतिनिधींना मशीनगनने मारले जाते, लष्कर आणीबाणी पुकारते आणि राज्यघटना तात्पुरती म्हणून बाजूला ठेवली जाते. या हत्याकांडाचे खापर त्या वेळी इस्लामी अतिरेक्यांवर फोडण्यात आले, असे निवेदिका सहज सांगून पुढे जाते. खरे मारेकरी घरातलेच होते. 'याकूबचे पुत्र' असे नाव घेतलेल्या ख्रिस्ती कट्टरपंथी गटाने तो कट रचला होता आणि त्यातूनच गिलियड नावाचे राज्य उभे राहिले. कादंबरी १९८५ सालची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका वाक्यापाशी आपल्यासारखा वाचक का थांबतो ते कळेल. मी पुस्तक मिटून चक्क हसले. चला, या वेळी आरोपी आपण नाही!

हा आनंद दोन दिवससुद्धा टिकला नाही. का टिकला नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

अ‍ॅटवुड यांनी ही कादंबरी १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतली. जे माणसाने इतिहासात कुठे ना कुठे, कधी ना कधी केलेले नाही, असे काहीही पुस्तकात घालायचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. रोमानियात १९६६ साली निघालेला गर्भपातबंदीचा हुकूम खरा होता. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या आईबापांची मुले त्याच राजवटीच्या माणसांच्या घरी वाढवली गेली, हेही खरे होते. १९७८ साली त्या अफगाणिस्तानातही जाऊन आल्या होत्या. पण कथेचे मूळ त्यांनी शोधले ते सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या प्युरिटन समाजात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांत. पुस्तक ज्यांना अर्पण केले आहे त्यांत मेरी वेब्स्टर हे नाव आहे. या बाईला चेटकीण ठरवून झाडाला फाशी दिले होते आणि तरीही ती जिवंत राहिली होती. म्हणजे ज्या लेखिकेला दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणे सोपे होते, तिने आधी स्वतःच्या घराची झडती घेतली. याचा मला मनापासून आदर वाटला.

कथा अशी आहे. प्रदूषणामुळे आणि रोगांमुळे मुले होणे कमी झाले आहे. ज्या स्त्रियांना मूल होऊ शकते, त्यांना पकडून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी 'दासी' म्हणून ठेवले जाते. त्यांना लाल झगा आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी नजर अडवणारी पांढरी टोपी घालावी लागते. निवेदिकेचे नाव 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची. तिचे खरे नाव ती आपल्याला उघडपणे कधीच सांगत नाही. पूर्वी ती ग्रंथालयात नोकरी करत होती, तिला नवरा होता, मुलगी होती. एके दिवशी दुकानात तिचे कार्ड चालेनासे होते. त्याच दिवशी नोकरीवरून सर्व स्त्रियांना घरी पाठवले जाते आणि त्यांच्या खात्यातील पैसा नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातो. तिचा नवरा भला माणूस आहे. मी आहे ना, मी सांभाळीन तुला, अशा अर्थाचे तो बोलतो. तिला त्या बोलण्याने धीर येत नाही. याला झाल्या गोष्टीचे फारसे वाईट वाटलेले नाही की काय, अशी शंका तिच्या मनात येते आणि ती विचारायची तिला हिंमत होत नाही. जुलूम बंदूक घेऊन येतो, तसा तो प्रेमळ माणसाच्या गप्प राहण्यातूनही घरात येतो, हे इतक्या साध्या प्रसंगातून सांगितलेले मी पूर्वी वाचले नव्हते.

शिक्षिका म्हणून मला सर्वात जास्त अस्वस्थ केले ते वाचनबंदीने. गिलियडमध्ये दासींना वाचायला मनाई आहे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे रंग मारून झाकली आहेत, फक्त चित्रे ठेवली आहेत. बायबल पेटीत कुलूपबंद असते आणि किल्ली घरच्या धन्याजवळ. ठरलेल्या रात्री तो सगळ्या घरासमोर पेटी उघडतो आणि एक गोष्ट वाचून दाखवतो. आपण ज्यांना हजरत याकूब म्हणतो, त्यांची पत्नी राहील हिला मूल होत नव्हते, तेव्हा तिने आपली दासी बिल्हा पतीला दिली, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्ट. सगळ्या राज्यव्यवस्थेला एवढा एक आधार पुरतो. बिल्हाला काय वाटले असेल, हे कोणी विचारत नाही. विचारणार कोण? ज्यांनी विचारायचे त्यांना ग्रंथ हातात घेण्याची परवानगी नाही.

दासींना तयार करणाऱ्या केंद्रात जेवणाच्या वेळी येशूचे प्रवचन ध्वनिमुद्रिकेवरून, एका पुरुषाच्या आवाजात ऐकवले जाते. त्यात एके ठिकाणी गप्प राहणाऱ्यांचीही स्तुती येते. ऑफ्रेडला ठाऊक असते की हे मूळ ग्रंथात नाही, मागाहून घुसडलेले आहे. पण पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. मला वाटते, साऱ्या कादंबरीचे मर्म इथे आहे. या राज्यात ग्रंथाचा मान कमी नाही, उलट फार मोठा आहे. ग्रंथ इतका पवित्र ठरवला आहे की ज्यांच्या आयुष्याचा फैसला त्याच्या नावाने होतो, त्यांचेच हात त्याला लागू नयेत.

आता त्या केंद्रातील बायांविषयी सांगते. त्यांना 'आंट' म्हणतात, आपल्याकडची खाला म्हणा किंवा मावशी म्हणा. त्यांची प्रमुख आंट लिडिया. हे केंद्र एका जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत आहे. जमिनीवर खेळाच्या रेषा अजून दिसतात आणि तिथे या बायका खाटा टाकून झोपतात. आंटच्या कमरेला गुरे हाकायचा विजेचा दांडका असतो. त्या शिस्त लावतात, उदाहरणे देतात, उजळणी घेतात, चुकलेल्या मुलीला सर्वांसमोर उभे करतात. कधी मायेने बोलतात, कधी त्यांच्या डोळ्यांत पाणीही येते. हे वाचताना मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कारण ही पद्धत मला ओळखीची होती. आंट लिडिया ही शिक्षिका आहे.

इथे माझ्या वर्गातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. आमच्या शाळेच्या फाटकापाशी सुटीच्या वेळी काही मुले मोटारसायकली घेऊन उभी राहू लागली होती. आम्ही शिक्षकांनी बसून तोडगा काढला. मुलींनी दहा मिनिटे आधी मागच्या दाराने निघायचे. म्हणजे रोज शेवटचा तास दहा मिनिटांनी कमी झाला, आणि आठवड्यातले चार दिवस तो तास गणिताचा होता. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात मुलींना समजावले. मुलीची हसण्याबोलण्याची आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये, मुलीच्या जातीला फार बाहेर फिरणे शोभत नाही, आपला मजहबही हेच सांगतो, असे बरेच काही बोलले. तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, ये कहाँ लिखा है?"

ती उद्धट नव्हती. भाषेच्या तासाला मीच तिला शिकवले होते की उत्तर लिहिताना धड्यातला आधार द्यावा. मी काय म्हणाले? "जबान मत चलाओ, बैठ जाओ." माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी दरडावले. वर्ग शांत झाला. मला त्या शांततेचा अभिमानही वाटला असावा.

आंट लिडियाचा युक्तिवाद निव्वळ खोटा असता तर तो फेकून देता आला असता. ती म्हणते त्याचा आशय असा, की पूर्वी तुम्हाला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य होते, आता तुम्हाला भयापासून स्वातंत्र्य मिळाले आहे, त्याची किंमत कमी समजू नका. आणि ऑफ्रेडलाही आठवते की पूर्वीच्या मोकळ्या दिवसांतही बायकांना रात्री दार उघडायची, रस्त्यात गाडी थांबवायची भीती वाटत असे. भीती खरी होती. फाटकापाशी उभी राहणारी मुलेही खरी होती. मग आम्ही चुकलो ते कुठे?

नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. एखाद्याच्या भल्यासाठी त्याच्यावर बंधन घालण्याचा अधिकार आपल्याला कधी पोहोचतो? लहान मुलाला विहिरीपासून ओढून घेताना आपण त्याची परवानगी विचारत नाही. आईबाप, शिक्षक, धर्मगुरू यांचे बरेचसे काम असेच असते आणि त्यात गैर काही नाही. पण विहिरीचे उदाहरण फार ताणता येत नाही. मूल मोठे झाले की विहीर किती खोल आहे हे त्याला सांगावे लागते आणि काठावर कठडा बांधावा लागतो. आम्ही कठडा बांधला नाही. ज्यांच्यामुळे भीती होती त्या मुलांना कोणी हटकले नाही, त्यांच्या घरी कोणी गेले नाही. बंधन पडले ते जिला भीती होती तिच्यावर, आणि गणिताचा तासही तिचाच गेला. एवढे करून तिने कारण विचारले, तर तेही विचारू नये असे आम्ही तिला सांगितले. सांभाळणे आणि ताब्यात ठेवणे यांतला फरक ओळखायचा असेल तर या दोन गोष्टी पाहाव्यात. किंमत कोणाकडून वसूल होते, आणि जिला सांभाळायचे तिला प्रश्न विचारता येतो की नाही.

कादंबरीतील धन्याची बायको सेरेना जॉय हिनेही मला बरेच छळले. ती पूर्वी टी. व्ही.वर धार्मिक गाणी गात असे. पुढे स्त्रीची जागा घरात कशी आहे यावर गावोगाव भाषणे देऊ लागली. म्हणजे घराबाहेर पडून, घरात बसण्याचा उपदेश करत होती. गिलियड आल्यावर तिचा उपदेश राज्याने अक्षरशः खरा केला. आता ती बागेत काम करते, गळपट्टे विणते आणि आतल्या आत धुमसते. मी रोज सकाळी साडेसहाची बस पकडून तालुक्याच्या गावी नोकरीला जाते. माझा पगार माझ्या खात्यात जमा होतो. आणि मी मुलींना सांगत होते की बाईच्या जातीला बाहेर फिरणे शोभत नाही.

२०१९ साली अ‍ॅटवुड यांनी या कथेचा पुढचा भाग 'द टेस्टामेंट्स' लिहिला. त्याला त्या वर्षीचे बुकर पारितोषिक विभागून मिळाले. त्यात आंट लिडिया स्वतःची हकिकत सांगते. ती पूर्वी न्यायाधीश होती. तिला इतर बायकांबरोबर स्टेडियममध्ये कोंडले, डोळ्यांसमोर माणसे मारली, अंधारकोठडीत टाकले आणि मग पर्याय दिला. ती वाकली. वाचून मला तिची कणव आली आणि पाठोपाठ लाजही वाटली. तिला निदान सांगायला कारण होते. मला कोणी कोंडले नव्हते, माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. मी ते सगळे वर्ग शांत राहावा आणि पालकांनी चांगले म्हणावे एवढ्यासाठी केले.

या कादंबरीविषयी आपल्यात बोलताना एक आक्षेप हमखास येईल. ही धर्माची निंदा आहे, आपण कशाला वाचावी? मला तसे वाटत नाही. गिलियडमध्ये कॅथलिक पाद्र्यांना फासावर चढवून भिंतीवर टांगले आहे. बॅप्टिस्ट लोक राज्याविरुद्ध लढत आहेत. क्वेकर पंथाची माणसे जीव धोक्यात घालून बायकांना सीमेपार पोहोचवतात. ज्यू लोकांपुढे धर्म बदला किंवा देश सोडा असा पर्याय ठेवला आहे. म्हणजे धर्माचे राज्य म्हणवणारे हे राज्य धार्मिक माणसांनाच आधी चिरडते. आणि स्वतः ऑफ्रेड रात्री एकटी असताना, तिच्या मोडक्यातोडक्या शब्दांत दुआ मागते. तिची श्रद्धा कोणाला हिसकावून घेता आलेली नाही.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर किल्लीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पहिल्या वह्यीतील पहिली आज्ञा वाचण्याची आहे आणि ती पुरुषांपुरती आहे असे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. हजरत अबू बकर यांच्या काळात कुराणाची जी पाने एकत्र केली गेली, ती हजरत उमर यांच्यानंतर उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा यांच्याजवळ राहिली. हजरत उस्मान यांना प्रती तयार करवून घ्यायच्या होत्या तेव्हा त्यांनी ती पाने हजरत हफ्सांकडून मागून घेतली आणि काम झाल्यावर परत केली. ग्रंथ एका स्त्रीच्या सांभाळात होता. हजरत उमर यांनी मेहेरवर मर्यादा घालायचे ठरवले तेव्हा एका सामान्य बाईने उभे राहून कुराणाचा आधार दिला आणि खलिफांनी आपली चूक कबूल केली, अशी रिवायत आपण वाजांमधून ऐकत आलो आहोत. ती बाई "कहाँ लिखा है" असेच विचारत होती. तिला विचारता आले, कारण कुठे काय लिहिले आहे हे तिला माहीत होते. तिला कोणी "बैठ जाओ" म्हटले नाही.

आणि तरी सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि मुलींच्या बंद राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही मुलींना बंद झाली. कारण शरियतचे सांगण्यात आले. त्याच महिन्यात अल-अझहरचे प्रमुख शेख अहमद अल-तय्यब यांनी ही बंदी शरियतला धरून नाही, असे जाहीरपणे म्हटले. एवढा मोठा आलिम विरोधात बोलतो, पण काबूलमधल्या सातवीच्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिला शाळेतच जाता येत नसेल तर कोण खरे बोलतो हे ती उद्या कशावरून ठरवणार? गिलियड ख्रिस्ती आहे म्हणून मी हसले होते. कुलूप कोणत्या धर्माच्या पेटीला आहे याने आत कोंडलेल्या बाईला काही फरक पडत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

कादंबरीचा शेवट फार विलक्षण आहे. गिलियड केव्हाच संपले आहे. २१९५ साली एका विद्यापीठात परिसंवाद भरला आहे आणि एक प्राध्यापक ऑफ्रेडच्या सापडलेल्या ध्वनिफितींवर निबंध वाचत आहे. तो विनोद करतो, श्रोते हसतात. त्या काळच्या लोकांना नैतिक दोष देण्याची घाई करू नये, असे तो बजावतो. तिचा धनी नक्की कोणता अधिकारी होता, हे शोधण्यात त्याला खरा रस आहे. ती बाई पुढे जगली की मेली, याबद्दल तो दोन-चार तर्क सांगतो आणि शेवटी काही प्रश्न आहेत का, असे विचारतो.

हे वाचताना मला शाहबानो यांची आठवण झाली. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल २३ एप्रिल १९८५ चा, म्हणजे या कादंबरीच्याच वर्षातला. पुढे मोर्चे निघाले, १९८६ साली नवा कायदा झाला, आजतागायत त्यावर पुस्तके लिहिली जात आहेत. निकाल आपल्याला नको, असे निवेदनही त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे सगळे आपापल्या मुद्द्यावर भांडत होते. सत्तरी गाठलेल्या त्या इंदूरच्या बाईला स्वतःला काय वाटत होते, हे ऐकायला कोणाला वेळ होता? आम्हीही त्या प्राध्यापकासारखेच वागलो.

आणि मी? परीक्षेत याच कादंबरीवर प्रश्न आला. मी स्त्रियांच्या शोषणाचे प्रकार क्रमांक घालून लिहिले, उपमथळे दिले, त्यांखाली रेघा मारल्या. गुण चांगले पडले. त्या उत्तरात माझ्या नववीच्या वर्गाबद्दल एक अक्षर नव्हते.

निकाल लागला त्याच सुमारास शाळा सुरू झाली होती आणि दहावीच्या हजेरीत तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचे नाव नव्हते. मी तिच्या घरी गेले. वडील रिक्षा चालवतात. माणूस सभ्य आहे. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मुलीला शाळेतून का काढले म्हणून विचारले, तर ते अगदी अदबीने म्हणाले, "टीचर, आपीच तो क्लास में बोले थे ना, लडकी की जात, जादा बाहर अच्छी नहीं. बच्ची ने घर आ के बताया था." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते माझे आभार मानत होते.

चहा थंड होईपर्यंत मला काही बोलता आले नाही. मग मी म्हणाले की ते माझे चुकले होते, आणि मी जे मजहबच्या नावाने सांगितले त्याला माझ्याजवळ आधार नव्हता. शिक्षिकेने असे कबूल करावे, हे त्यांना पटलेले दिसले नाही. शाळेत परत पाठवायला ते तयार झाले नाहीत. खूप बोलल्यावर बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरायला कबूल झाले. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही.

शाळेत आमच्याकडे पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. पुस्तके फाटतात, हरवतात, तपासणीच्या वेळी हिशेब द्यावा लागतो, म्हणून ते नेहमी बंद असे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. कुराणाचा उर्दू तर्जुमाही त्याच कपाटात होता. आता किल्ली वर्गाच्या मॉनिटर मुलीजवळ असते. मागचे दार मुख्याध्यापकांशी बोलून बंद करवून घेतले आहे, सुटी सर्वांना एकाच वेळी होते, आणि फाटकापाशी पाळीपाळीने दोघे शिक्षक उभे राहतात. याने फार मोठे काही घडले, असा माझा दावा नाही. दोन पुस्तके हरवली आहेत आणि तपासणीत मला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

फॉर्म मी स्वतः भरला, फी भरली, पावती तिच्या घरी नेऊन दिली. शनिवारी दुपारी ती गणितासाठी माझ्याकडे येते, बरोबर धाकटा भाऊ असतो. परीक्षा मार्चमध्ये आहे. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला आले तर वडील तिला पाठवतील की नाही, हे मला आज सांगता येत नाही.